मापाची रेषा आणि रंगाचा देखावा : संगणकीय आराखड्यांच्या चित्ररूप सादरीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इमारत उभी राहण्यापूर्वी ती दोन रूपांत कागदावर येते. एक रूप बांधणाऱ्यासाठी असते. त्यात रेषा, मापे आणि खुणा असतात. दुसरे रूप पाहणाऱ्यासाठी असते. त्यात ऊन, सावली, झाडे, आकाश आणि माणसे असतात. पहिल्या रूपास आराखडा म्हणतात, तर दुसऱ्यास वास्तुविशारदांच्या व्यवहारात रेंडरिंग, म्हणजेच चित्ररूप सादरीकरण, असे म्हटले जाते. संगणकाच्या आगमनानंतर पहिले काम कॅड प्रणालीकडे गेले आणि दुसरे प्रामुख्याने चित्रणाच्या सॉफ्टवेअरकडे. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, फोटोशॉप ही त्यांतील परिचित नावे होत.

कॅडमधील आराखडा चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन रंगवावा कसा, याविषयी अनेक सूचना आणि युक्त्या प्रचलित आहेत. अभियांत्रिकी, वास्तुविद्या व उपयोजित कलेच्या वर्गांतून त्या शिकविल्याही जातात. परंतु या युक्त्या का निर्माण झाल्या, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. आराखडा आणि चित्र यांची परंपरा मुळातच भिन्न आहे. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना काही तरी गळते आणि काही तरी नव्याने भरले जाते. काय गळते आणि काय भरले जाते याचे भान सुटले, तर चित्र पाहून निर्णय घेणाऱ्या सामान्य माणसाची फसगत होऊ शकते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

हस्तलिखित आरेखनाचा काळ

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस याने वास्तूच्या आरेखनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : तलविन्यास, दर्शनी रूप आणि यथादर्शन. यांतील पहिल्या दोहोंत माप जपले जाते. तिसऱ्यात दूरची वस्तू लहान दिसते, म्हणजेच दिसणे जपले जाते. पंधराव्या शतकात इटलीमध्ये यथादर्शनाचे गणित सिद्ध झाल्यावर हा भेद अधिक ठळक झाला. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकारांसाठी यथादर्शनाचे नियम ग्रंथबद्ध केले. परंतु वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात त्यानेच चित्रकार व वास्तुविशारद यांच्या आरेखनांत स्पष्ट फरक केला. चित्रकार छायेच्या साहाय्याने उठाव दाखवितो. वास्तुविशारदाने मात्र छाया टाळून खऱ्या मापांच्या आधारे आपली कल्पना मांडावी, असे त्याचे मत होते. यथादर्शनाचे नियम सांगणाऱ्यानेच वास्तुविशारदाला त्यापासून सावध करावे, ही बाब लक्षणीय आहे.

हा संकेत पुढील काळात टिकला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गास्पार मोंज याने फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात वर्णनात्मक भूमितीचा पाया घातला. लष्करी उपयोगामुळे ही पद्धत काही काळ गुप्त ठेवण्यात आली होती. १७९५ मधील त्याच्या व्याख्यानांनंतर ती सर्वांना खुली झाली. या भूमितीमुळे छायासुद्धा मोजून काढता येऊ लागली. प्रकाश वरून, डाव्या बाजूने ४५ अंशांत येतो असे गृहीत धरले, की छज्जा भिंतीपासून जितका पुढे आलेला असेल, तितकीच त्याची सावली भिंतीवर खाली उतरते. त्यामुळे सावलीवरून खोली वाचता येते. पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेत हा संकेत शिक्षणाचा भाग झाला. विद्यार्थी शाईच्या पातळ छटांचे थर एकावर एक देऊन दर्शनी रूप रंगवीत. येथे सावली शोभेपुरती नव्हती. तिला मापाचा आधार होता.

दुसरीकडे, ग्राहकाचे मन वळविण्यासाठी चित्र काढणारा स्वतंत्र व्यावसायिकही उदयास आला. लंडनमध्ये जॉन सोन या वास्तुविशारदाच्या रचना जोसेफ गँडी याने रंगविल्या. याचे महाराष्ट्राशी थेट नाते सांगणारे उदाहरण मुंबईतच आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आरेखित केलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, भव्य जलरंगचित्र १८७८ मध्ये अॅक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकाराने काढले. त्याच वर्षी बांधकामास आरंभ झाला आणि इमारत पूर्णत्वास जाण्यास सुमारे १० वर्षे लागली. जी वास्तू २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, ती प्रथम एका चित्रकाराच्या कागदावर पूर्ण झाली होती.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ह्यू फेरिस याने या व्यवसायास वेगळे वळण दिले. १९१६ च्या नगररचना नियमांनुसार इमारतीला कोणता आकार घेता येईल, हे त्याने १९२२ मधील चित्रमालिकेत चार टप्प्यांत दाखविले. कायद्याची कोरडी मर्यादा त्याच्या काळ्या-पांढऱ्या छटांतून नगराचे स्वप्न बनली. मात्र, गँडी, हेग व फेरिस या तिघांच्याही बाबतीत चित्र हे चित्र म्हणूनच ओळखता येत असे. कुंचल्याची अथवा खडूची खूण पाहणाऱ्यास सांगत असे की ही कल्पना आहे, वस्तुस्थिती नव्हे.

रेषेचे संगणकीकरण

१९६३ मध्ये इव्हान सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा परस्परांस लंब असाव्यात, अशी बंधनेही घालता येत. नावात ‘स्केच’ असले, तरी या प्रणालीचे सामर्थ्य अचूक भूमितीत होते. कॅडची वैचारिक बीजे येथे आढळतात.

रेषेनंतर छटेचा प्रश्न हाती घेण्यात आला. यूटा विद्यापीठात आंरी गूरो याने १९७१ मध्ये आणि बुई तुओंग फाँग याने १९७५ मध्ये वक्र पृष्ठभागावर प्रकाशाची सलग छटा देण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. टर्नर व्हिटेड याने १९८० मध्ये प्रकाशकिरणांचा माग काढून प्रतिबिंबे व पारदर्शकता दाखविणारी पद्धत मांडली. कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या मंद प्रकाशाचे गणित मांडले. या पद्धतींना लागणारे संगणक मात्र सामान्य कार्यालयाच्या आवाक्याबाहेर होते.

सामान्य कार्यालयात संगणकीय आरेखन पोहोचले ते अन्य मार्गाने. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोडेस्क कंपनीने त्याच वर्षी ऑटोकॅड बाजारात आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी अडोबी कंपनी स्थापन केली. तिची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा १९८४ मध्ये आली, इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि फोटोशॉप १९९० मध्ये आले. कॅनडातील कोरलड्रॉ १९८९ चे. म्हणजे आराखडा आणि चित्र यांची दोन संगणकीय घराणी एकाच दशकात जन्मास आली. परंतु एकाची नाळ अभियंत्याच्या आरेखन फलकाशी, तर दुसऱ्याची छापखान्याशी जोडलेली होती. भारतातील वास्तुविशारदांच्या कार्यालयांत १९९० च्या दशकात कॅड रुजू लागले आणि ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन व अमोनिया प्रिंट यांची जागा हळूहळू प्लॉटरने घेतली. माहितीपत्रकांसाठी तेच आराखडे डीटीपी केंद्रांत जाऊ लागले, तेव्हा या दोन घराण्यांतील अंतर प्रत्यक्ष कामात जाणवू लागले.

रूपांतरात काय घडते

हे अंतर चार बाबींत विशेषत्वाने दिसते.

पहिली बाब प्रमाणाची. कॅडमध्ये वस्तू तिच्या खऱ्या मापात रेखाटली जाते आणि प्रमाण केवळ छपाईच्या वेळी ठरते. चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात कागदच असतो. इलस्ट्रेटरची कागदाची कमाल मर्यादा दीर्घकाळ सुमारे २२७ इंच, म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास होती. २० मीटर लांबीची इमारत त्यात खऱ्या मापाने मावत नाही. म्हणून आराखडा १:१०० सारख्या निश्चित प्रमाणात बाहेर काढावा, ही सूचना दिली जाते. ‘कागदात बसेल तेवढा’ अशा पद्धतीने आणलेला आराखडा दिसायला तसाच असतो, परंतु त्यावर पट्टी ठेवून माप घेण्याचा हक्क पाहणाऱ्याने गमावलेला असतो.

दुसरी बाब रेषेच्या जाडीची. शाईच्या पेनांची मालिका ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिलिमीटर अशी होती. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा सुमारे १.४ पट, म्हणजे २ च्या वर्गमूळाइतके जाड असे. कागदांचे ए-१, ए-२, ए-३ हे आकारही याच गुणोत्तराने बदलतात. त्यामुळे आराखडा एक आकार लहान केला, तर ०.५ ची रेषा ०.३५ ची होई आणि त्याच पेनाने दुरुस्ती करता येई. छापखान्याचे एकक मात्र पॉइंट हे होते, एका इंचाचा ७२ वा भाग. ०.३५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १ पॉइंट. ए-१ आराखडा ए-३ माहितीपत्रकासाठी निम्मा करताना रेषांची जाडीही निम्मी होईल अशी व्यवस्था केली नाही, तर जाड रेषा जिन्याच्या पायऱ्या व खिडक्यांचे बारकावे गिळून टाकतात. छेदातील भिंत जाड, तिच्यामागे दिसणारी वस्तू बारीक, हा रेषांचा जुना क्रम रंगविण्यापूर्वीच सांभाळावा लागतो, कारण रंग हा क्रम निर्माण करू शकत नाही.

तिसरी बाब वक्राची. कॅडमधील वर्तुळ हे केंद्र व त्रिज्या यांनी ठरणारे खरे वर्तुळ असते. पोस्टस्क्रिप्टच्या घराण्यात वक्र हे बेझिए वक्रांनी व्यक्त होतात आणि अशा चार वक्रांनी बनविलेले वर्तुळ केवळ जवळपासचे असते. नेहमीच्या पद्धतीत त्रिज्येतील कमाल फरक सुमारे ०.०२७ टक्के येतो. १० मीटर त्रिज्येच्या घुमटात हा फरक पावणेतीन मिलिमीटरचा असून १:१०० च्या चित्रात तो डोळ्यास दिसणे शक्य नाही. मात्र, चित्रातील वक्र पुन्हा कॅडमध्ये आणून त्यावरून बांधकामाची मापे काढणे अयोग्य ठरते. येथे इतिहासाचा एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. हे वक्र मुळात चित्रकारांनी शोधलेले नाहीत. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या बाह्यांगाच्या आरेखनासाठी त्यांचा विकास केला. अभियंत्यांचे साधन चित्रकारांकडे गेले आणि अभियंत्यांच्या आराखड्यास पुन्हा तेथे भेटले.

चौथी बाब बंदिस्त क्षेत्राची. आराखड्यात दोन रेषा कोपऱ्यात मिळाल्यासारख्या दिसल्या, तरी त्यांच्यात सूक्ष्म फट असू शकते. बांधणाऱ्याला त्याने बाधा येत नाही, कारण तो मापे वाचतो. रंग भरताना मात्र चारही बाजूंनी बंद आकार लागतो. म्हणूनच कॅडमध्येच भिंती, फरशी, पाणी, हिरवळ यांचे स्वतंत्र थर करून आकार बंद करावेत, असे शिकविले जाते. २००५ मध्ये इलस्ट्रेटरमध्ये आलेल्या ‘लाइव्ह पेंट’ या सोयीमुळे रेषांनी वेढलेल्या जागेत थेट रंग भरता येऊ लागला आणि लहान फटी दुर्लक्षिण्याची सवलतही मिळाली. सोय मोठी होती, परंतु फट झाकली जाणे आणि फट नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

फोटोशॉपसारख्या बिंदुचित्राच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा होता. ए-१ कागद ३०० बिंदू प्रतिइंच या घनतेने भरावयाचा, तर सुमारे ७ कोटी बिंदू लागतात आणि त्यांच्या तीन रंगांसाठी २० कोटींहून अधिक बाइट. १९९० च्या दशकातील सामान्य संगणकाच्या स्मृतीत हे मावत नसे. त्यामुळे रेषा वेक्टर स्वरूपात ठेवून केवळ आकाश, झाडे व पोत बिंदुचित्रात रंगवावेत, ही विभागणी रूढ झाली.

रंगाचे तीन अर्थ

वरील चार बाबी तांत्रिक आहेत. रंगाची बाब त्यांहून गुंतागुंतीची आहे, कारण एकाच रंगाला तीन वेगवेगळे अर्थ लाभलेले आहेत.

पहिला अर्थ कायद्याचा. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत व तिच्या अनुषंगाने स्थानिक नियमावल्यांत परवानगीच्या नकाशांचे रंग ठरवून दिलेले आढळतात. प्रस्तावित काम लाल, पाडावयाचे काम पिवळ्या तिरप्या रेषांनी, अस्तित्वातील रस्ता हिरवा, मलनिःसारण तुटक लाल. येथे लाल रंग म्हणजे विटेचा रंग नव्हे. ‘हे बांधण्याची परवानगी मागितली आहे’ असे ते विधान आहे.

दुसरा अर्थ लेखणीचा. सुरुवातीच्या प्लॉटरमध्ये निरनिराळ्या जाडीचे पेन बसवीत आणि ऑटोकॅडमधील रंगक्रमांकावरून कोणते पेन उचलावयाचे ते ठरे. १ म्हणजे लाल, २ म्हणजे पिवळा, ३ म्हणजे हिरवा. पडद्यावरील पिवळी रेषा कागदावर काळीच उमटे, केवळ तिची जाडी ठरलेली असे. रेषेला स्वतःची जाडी देण्याची सोय ‘ऑटोकॅड २०००’ या आवृत्तीत आली, तरी जुना संकेत अनेक कार्यालयांत टिकून राहिला. असा आराखडा चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडला, की लाल-पिवळ्या रेषांचे जाळे दिसते आणि जाडीचा मूळ अर्थ नाहीसा होतो.

तिसरा अर्थ देखाव्याचा. येथे हिरवा म्हणजे गवत, निळा म्हणजे पाणी. हा अर्थ सांगावा लागत नाही, तो थेट डोळ्याला पटतो. त्यामुळेच तो सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी तपासला जाणारा आहे. नियमानुसार मोकळी सोडावयाची जागा हिरवी रंगविली, की ती बाग भासते. बाग करण्याचे वचन आराखड्यात नसते, ते रंगाने दिलेले असते.

देखावा आणि उत्तरदायित्व

माहितीपत्रकांच्या प्रसारानंतर हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिला नाही. खोलीच्या रेषा मापाबरहुकूम ठेवूनही पाहणाऱ्याचा समज बदलता येतो. ५ फुटी पलंगाऐवजी ४ फुटी पलंग रेखाटला, की खोली मोठी भासते. यथादर्शनात दृष्टिकोन वाजवीपेक्षा रुंद धरला, तर समोरची भिंत दूर जाते. शेजारची इमारत वगळून तेथे आकाश रंगविले, तर उजेड वाढतो. यांपैकी एकाही कृतीत भिंतीचे माप खोटे सांगितलेले नसते.

महाराष्ट्राच्या कायद्याने आराखड्याचे महत्त्व पूर्वीच ओळखले होते. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाने प्रवर्तकावर नकाशे व तपशील उघड करण्याचे बंधन घातले आणि खरेदीदारांच्या संमतीविना त्यांत फेरफार करण्यास प्रतिबंध केला. सदरलँडचे ‘स्केचपॅड’ही त्याच वर्षीचे. परंतु त्या कायद्याच्या कल्पनेत मुख्यतः मापाचा आराखडा होता. देखाव्याच्या चित्राचा विचार अधिक स्पष्टपणे २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमात दिसतो. त्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील, माहितीपत्रकातील अथवा नमुना सदनिकेतील चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकावर भरपाईची जबाबदारी येते, तर कलम १४ मंजूर नकाशांचे पालन बंधनकारक करते. आल्बेर्तीने नैतिक सूचनेच्या रूपात मांडलेला भेद साडेपाच शतकांनी कायदेशीर उत्तरदायित्वाच्या रूपात पुढे आला, असे म्हणता येईल.

चित्राची शैलीही याच संदर्भात पाहावी लागते. १९९६ मध्ये जर्मनीतील माग्देबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी वास्तुविशारद व वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना एकाच रचनेची कॅड रेषाचित्र, छायांकित चित्र आणि हातच्या रेखाटनासारखे चित्र अशी तीन रूपे दाखविली. प्राथमिक अवस्थेतील कल्पना मांडण्यासाठी त्यांचा कल रेखाटनासारख्या चित्राकडे होता, कारण ते चर्चेस व बदलास वाव देते. २००० मध्ये आलेल्या स्केचअपच्या लोकप्रियतेतही हातच्या रेषेचा आभास देणाऱ्या शैलींचा वाटा होता. कुंचल्याची खूण जे काम पूर्वी आपोआप करीत असे, ते आता जाणीवपूर्वक करावे लागते. अनिश्चित गोष्ट अनिश्चितच दिसावी, हा त्याचा गाभा होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कॅड आराखडा रंगविण्याच्या प्रचलित सूचना या केवळ सॉफ्टवेअरच्या युक्त्या नाहीत. निश्चित प्रमाण राखणे, रेषांचा क्रम जपणे, थर व बंद आकार आधीच सिद्ध करणे, सावली एकाच दिशेने व मोजून टाकणे, फर्निचर खऱ्या मापाचे घेणे, या प्रत्येक सूचनेमागे आरेखनाच्या दीर्घ परंपरेतील एखादा करार दडलेला आहे. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात आणि त्यांतील आज्ञांचे शिक्षण अल्पावधीत कालबाह्य होते. हा करार मात्र बदलत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. चित्ररूप सादरीकरण हा विषय संगणक प्रयोगशाळेतील तासिकेपुरता मर्यादित न ठेवता त्यास भूमिती, आरेखनाचा इतिहास आणि ग्राहकविषयक कायदा यांची जोड देणे आवश्यक आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत भूमितीची आकृती काढताना बारीक शिसाची पेन्सिल आणि रंगकाम करताना कुंचला, असा भेद शालेय वयातच शिकविला जातो. संगणकाच्या पडद्यावर ही दोन्ही साधने एकाच माऊसमध्ये सामावली आहेत. म्हणूनच हातातील साधनाने जो भेद शिकविला, तो यापुढे शिक्षकाने शिकवावा लागेल. आयुष्यभराची बचत घेऊन चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला रेषा वाचता येत नाहीत, ते केवळ रंग पाहते. त्या रंगामागची रेषा खरी राहील याची जबाबदारी रंगविणाऱ्याची आहे.